पहाणीपत्रकातलं रान



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांच्या हाताखाली मी तीन वर्षं चित्रकला शिकलो. शाळेच्या मागच्या अंगाला चिंचेचं झाड होतं. पहिल्या तासाला गुरुजींनी आम्हाला कागद-पेन्सिल घेऊ दिली नाही. सगळ्या वर्गाला चिंचेसमोर बसवलं आणि तास संपेपर्यंत नुसतं बघायला लावलं. दुसऱ्या दिवशी कागद मिळाला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी एक सोट काढला आणि त्यावर हिरवा गोल. गुरुजी बाकांमधून फिरले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत गेले, "ही कुठली चिंच?" मग पुन्हा बाहेर. तेव्हा कुठे दिसलं की बुंधा जमिनीपासून हातभर उंचीवरच दुभंगला आहे, दक्षिणेकडची एक फांदी कधीतरी तोडलेली आहे, तिथे ढोली झाली आहे आणि त्या ढोलीत पोपटांची ये-जा आहे.

पुढे चौतीस वर्षं मी नगररचनेच्या कामात काढली. घरांच्या प्लॉटिंगचे नकाशे तपासणं हे माझं काम. त्या नकाशांवर झाड दाखवायची खूण काय, तर हिरवा गोल. चिंच असो, कडुलिंब असो, पाच वर्षांचं असो की शंभर वर्षांचं, गोल सारखाच. आणि आता तर संगणकावर झाडांचा थर वेगळा असतो, एक कळ दाबली की तो बंद होतो आणि नकाशा स्वच्छ दिसतो. झाडी असलेल्या जमिनीवर घरांचं रेखांकन आलं तर ते तपासायचं कसं, एवढ्याच एका गोष्टीवर मी आज बोलणार आहे. ही गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि ती कळेपर्यंत माझ्या सहीखालून बरीच जमीन गेली, म्हणून ती सांगणं मी माझं देणं समजतो.

सुरुवात एका शब्दापासून करतो. तेलंगणात गावाच्या जमिनीच्या नोंदीला पहाणी म्हणतात. महाराष्ट्रात सात-बारा, तसा इथे पहाणी. १९५४-५५ ची खासरा पहाणी तर इथल्या जमिनीच्या खटल्यांमध्ये आजही सर्वांत आधी पुढे ठेवली जाते. शब्द मूळचा आपला आहे, पाहणे या क्रियापदातून आलेला. मराठा अंमलात पीक उभं असताना पाहणीदार गावोगाव फिरत असे, शिवारात काय उभं आहे ते डोळ्यांनी बघून सारा ठरत असे. तो शब्द निजामाच्या महसुलात आला, तेलुगूत रुळला, आणि रुळता रुळता त्यातली बघण्याची क्रिया गळून गेली, कागद तेवढा उरला. आज हैदराबादेत कोणी म्हणालं की "पहाणी आणा", तर कोणी जागेवर जात नाही, मी-सेवा केंद्रात किंवा संगणकापुढे जातो.

दुसरा शब्द कंचा. तेलुगूत कंच म्हणजे कुंपण, आणि त्यावरून कुंपण घालून राखलेलं चराईचं रान. आपण गायरान म्हणतो त्याच्या जवळचं. हैदराबादच्या पश्चिमेला सर्व्हे नंबर २५, गाव कंचा गच्चीबावली. महसुली नोंदीत ही जमीन 'कंचा अस्तबल पोरंबोक सरकारी' आहे. अस्तबल म्हणजे घोड्यांच्या पागा. म्हणजे कोणे एके काळी पागेतल्या जनावरांच्या चाऱ्यासाठी राखलेलं सरकारी रान. घोडे गेले, पागा गेल्या, संस्थान गेलं. नोंद तीच राहिली.

या जमिनीचा पुढचा प्रवास तुम्हाला ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. १९६९ चं तेलंगण आंदोलन आणि १९७२ चं जय आंध्र आंदोलन, या दोन्हींनंतर जे सहा कलमी सूत्र निघालं त्यात हैदराबादेत केंद्रीय विद्यापीठ हे एक कलम होतं. १९७४ साली विद्यापीठ सुरू झालं, आधी सरोजिनी नायडूंच्या गोल्डन थ्रेशोल्डमध्ये आणि मग गच्चीबावलीच्या सुमारे २,३०० एकर परिसरात. त्यातलेच ४०० एकर २००३-०४ साली आयएमजी अकॅडमीज भारत या कंपनीला क्रीडासंकुलासाठी दिले गेले. २००६ साली नव्या सरकारनं तो व्यवहार रद्द केला. कंपनी न्यायालयात गेली. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं कंपनीची याचिका फेटाळली, मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानंही तेच केलं. मग राज्य सरकारनं ही जमीन औद्योगिक पायाभूत सुविधा महामंडळाकडे सोपवली, तिच्या आधारावर १०,००० कोटी रुपये उभे केले आणि मास्टर प्लॅन करून तुकडे पाडून लिलाव करायचं ठरवलं. सरकारचं म्हणणं असं की जमीन आमची, बदल्यात विद्यापीठाला गोपनपल्लीला ३९७ एकर दिलेले आहेत. विद्यापीठाचं म्हणणं असं की हद्दीची आखणी आमच्यासमोर झालेलीच नाही.

या वीस वर्षांच्या सगळ्या कागदांमध्ये प्रश्न एकच होता, जमीन कोणाची? कंपनीची, सरकारची की विद्यापीठाची? वकिलांनी त्यावर वर्षंच्या वर्षं घालवली. जमिनीवर काय आहे, हे कोणत्याच बाजूला सांगावं लागलं नाही, कारण तो प्रश्नच कोणी विचारला नव्हता.

काय होतं तिथे? मी त्या परिसरात अनेकदा गेलो आहे. त्याला सदाहरित अरण्य कोणी म्हणणार नाही. ते दख्खनचं रान आहे, खडकाळ आणि काटेरी, आठ महिने तपकिरी आणि चार महिने हिरवं. अडीचशे कोटी वर्षांचा ग्रॅनाइट एकावर एक रचून ठेवल्यासारखा उभा, त्यात भूछत्रासारखा दिसणारा तो प्रसिद्ध खडक. खडकांच्या फटीफटीतून सीताफळ. हिवर, बाभूळ, पळस, कडुलिंब, शिंदी. आणि तरवड. बतुकम्माच्या सणात बाजारात पिवळीधमक तंगेडूची फुलं येतात ना, तेच तंगेडू म्हणजे आपलं तरवड, तेलंगणाचं राज्यपुष्प. ते कुंडीत लावून येत नाही, ते अशाच माळावर येतं. दोन तळी आहेत. पावसाळ्यात मोर खडकावर चढून ओरडतात तो आवाज तळ्यावरून परत येतो. चितळं आहेत, घोरपडी आहेत, चांदणीच्या नक्षीची कासवं आहेत, आणि दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद विद्यापीठ परिसरात झालेली आहे. ते रान राखायला कोणी नव्हतं, उलट राखणारे नव्हते म्हणूनच ते वाढलं. पन्नास वर्षं एखाद्या जमिनीला कोणी हात लावला नाही, तर रान तिथे आपोआप होतं.

३० मार्च २०२५. गुढीपाडवा, इथला उगादी. रविवार होता, पुढे ईदची सुट्टी. आपण सगळे इथे दारात गुढ्या उभारत होतो, कडुलिंबाची कोवळी पानं खात होतो, आणि तिकडे पश्चिमेला बुलडोझर रानात शिरले. रात्रीही दिवे लावून काम चाललं. विद्यार्थी आडवे आले, त्यांना पोलिसांनी उचललं. मोरांच्या ओरडण्याच्या ध्वनिफिती घरोघरच्या फोनवर पोचल्या. २ एप्रिलला उच्च न्यायालयानं एक दिवसापुरतं काम थांबवलं. ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. पीठावर न्यायमूर्ती भूषण गवई, आपल्या अमरावतीचे, आणि न्यायमूर्ती ऑगस्टीन जॉर्ज मसीह.

आणि इथे जे घडलं ते मी माझ्या क्षेत्रातल्या प्रत्येक तरुणाला सांगतो. पीठानं मालकीचा प्रश्न बाजूला ठेवला. तेलंगण उच्च न्यायालयाच्या न्यायिक निबंधकांना सांगितलं की ताबडतोब जागेवर जा आणि दुपारी साडेतीनपर्यंत अहवाल द्या. निबंधक गेले. त्यांनी पाहिलं. मोठ्या यंत्रांनी सुमारे १०० एकर साफ झाले आहेत, शेजारी तळं आहे, मोर, हरणं आणि पक्षी दिसतात, असा अहवाल त्याच दिवशी न्यायालयापुढे आला आणि काम थांबलं. वीस वर्षांत जे झालं नव्हतं ते काही तासांत झालं. पाहणी झाली. एक माणूस गेला, त्यानं डोळ्यांनी बघितलं आणि जे दिसलं ते लिहिलं.

न्यायालयानं मुख्य सचिवांना जे प्रश्न विचारले तेही तुम्ही लक्षात ठेवा. इतकी घाई कशासाठी होती? पर्यावरण आघात मूल्यांकनाचं प्रमाणपत्र घेतलं का? झाडं तोडायची परवानगी घेतली का? घाईच्या प्रश्नामागे एक तारीख होती. राज्यात वनासारख्या जमिनी कोणत्या, हे ओळखण्यासाठी समिती नेमा असं न्यायालयानं ४ मार्चला सर्व राज्यांना सांगितलं होतं. तेलंगणानं समिती नेमली १५ मार्चला. समितीनं एक झाड मोजण्याआधी, पंधरा दिवसांत, यंत्रं पोचली.

१६ एप्रिलच्या सुनावणीत न्यायालयानं १०० एकर पूर्ववत करण्याची योजना मागितली, नाहीतर संबंधित अधिकाऱ्यांना तिथेच तात्पुरत्या तुरुंगात ठेवू असं बजावलं. ऑगस्टमध्येही सांगणं तेच होतं, जंगल परत उभं करण्याचा नीट प्रस्ताव आणा. राज्याच्या बाजूनं एक बचाव असा होता की तोडलेल्यातली बहुतेक झाडं वाल्टा कायद्यानं परवानगीतून सूट दिलेल्या जातींची होती. वाल्टा म्हणजे जल, भूमी आणि वृक्ष कायदा, २००२. सुबाभूळ, निलगिरी अशा झाडांना त्यात सूट आहे, शेतकऱ्यानं लावलेलं विकताना त्याला त्रास होऊ नये म्हणून. सूट शेतकऱ्यासाठी होती. ती यंत्राच्या पुढे धरली गेली याचं मला वाईट वाटतं.

आता मी माझी गोष्ट सांगतो. नावं घेणार नाही, गावही सांगणार नाही. तिथे आज माणसं राहतात.

शहराच्या पूर्वेकडे अठरा एकरांचं एक वेंचर तपासायला आलं. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो, प्लॉटिंगच्या धंद्याला हैदराबादेत वेंचर म्हणतात. श्रावणाचे दिवस होते, वर पाऊस, खाली चिखल. आम्हाला जीपनं नेलं, फाटकाशी शामियाना होता, चहा झाला. नकाशावर त्या जागेच्या मध्यभागी लिहिलं होतं 'विखुरलेली झुडपे'. मी फाटकातून आत पाहिलं. हिरवं दिसत होतं. चिखलातून आत जायला मला कोणी अडवलं नव्हतं. मी गेलो नाही. रस्ते चाळीस फुटी, तीस फुटी, खुली जागा दहा टक्के, प्लॉट दोनशे गजांचे, सगळं नियमात. शेऱ्यात मी लिहिलं, 'जागा मोकळी, तुरळक झुडपे, शिफारस योग्य'. त्या एका ओळीला मला अर्धं मिनिटही लागलं नसेल.

दोन-अडीच वर्षांनी एका ओळखीच्या कुटुंबाच्या गृहप्रवेशाला मी त्याच वसाहतीत गेलो. आदल्या रात्री पाऊस झाला होता. त्यांच्या मागच्या अंगणात धुणं धुवायला एक मोठा लाकडी ओटा केला होता. मी जवळ गेलो तर तो ओटा नव्हता, चिंचेचा बुंधा होता, जमिनीलगत कापलेला. मुळं काढणं जड गेलं असणार, म्हणून तसाच ठेवलेला. मी वाकून वीत लावली. अकरा वितींचा घेर. कापलेल्या तोंडावर साबणाचं पाणी साचून मधला भाग काळा पडला होता, कडेची वलयं मात्र अजून मोजता येत होती. मी मोजायला लागलो. साठपर्यंत गेलो आणि पुढे काळ्या भागात शिरल्यावर रेषा दिसेनाशा झाल्या.

समोरच्या घरातल्या एक बाई खराट्यानं पाणी रस्त्यावर लोटत होत्या. उंबऱ्यापर्यंत आलेलं पाणी. मला बघून म्हणाल्या, "साहेब, तुम्ही या खात्यातले ना? हे पाणी येतं तरी कुठून?" मला कळत होतं ते कुठून येतं. मी ज्या तीस फुटी रस्त्याला मंजुरी दिली होती, तो ओढ्याच्या पात्रावरूनच गेला होता. ओढा उन्हाळ्यात कोरडा असतो, म्हणून नकाशावर तो नव्हता. त्याच्या काठची झाडी म्हणजे ती 'विखुरलेली झुडपे'. मी आत दोनशे पावलं गेलो असतो तर मला ओढा दिसला असता. त्या बाईंना मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही, बहुधा काहीच दिलं नाही.

तेव्हापासून मी नकाशा आधी बघत नाही. आधी जागा बघतो, शक्य असेल तर दोनदा, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसात. उन्हाळ्यात झाड ओळखू येतं, पावसात पाणी. ओढ्याच्या वाटेवर गवत कोणत्या दिशेला झुकलंय, खडकावर पाण्याची रेघ कुठवर आली आहे, वारुळं कुठे आहेत, हे बघायला तज्ज्ञ लागत नाही. गावातल्या गुराख्याला विचारलं तर तो सगळं सांगतो. मात्र तो तुम्हाला फाटकाशी भेटत नाही, आत भेटतो.

माझ्या तरुण सहकाऱ्यांना आणखी एक गोष्ट दाखवतो. कोणत्याही वेंचरच्या नकाशावर खुली जागा कुठे आहे ते बघा. नियमात दहा टक्के असते, महाराष्ट्राच्या एकत्रित विकास नियमावलीतही साधारण तेवढीच आहे. पण ती जागा नेहमी कुठे जाते? कोपऱ्यात, उच्च दाबाच्या विजेच्या तारांखाली, तीन तुकड्यांत, प्लॉट पाडता येत नाही अशा त्रिकोणात. झाडी मध्ये असते आणि खुली जागा कडेला. मग मधली झाडी तोडायची आणि कडेच्या त्रिकोणात गुलमोहराची रोपं लावायची. हे उलटं करता येतं. झाडी आधी मोजायची, तिच्याभोवती खुली जागा ठरवायची आणि उरलेल्या जमिनीत रस्ते व प्लॉट बसवायचे. प्लॉट थोडे कमी बसतील, रस्ते थोडे वाकतील. बारकाईनं करणारे लोक हे करतात. पण करायला भाग पाडणारा नियम कमकुवत आहे.

कायदा काय सांगतो? २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेप्रमाणे ५० हेक्टर किंवा त्याहून मोठ्या वसाहतीला आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. ४०० एकर म्हणजे सुमारे १६२ हेक्टर. पण खाणीला, धरणाला, कारखान्याला जी जनसुनावणी असते ती याच अधिसूचनेनं बांधकाम आणि वसाहतींना माफ केली आहे. म्हणजे ती खराटेवाली बाई किंवा शेजारच्या गावातला तो गुराखी आपलं म्हणणं कुठे मांडणार? त्यांना बोलावणारी पायरीच नाही. महाराष्ट्रात १९७५ चा वृक्ष कायदा आहे, २०२१ मध्ये त्यात सुधारणा झाली. पन्नास वर्षांच्या पुढच्या झाडाला हेरिटेज वृक्ष म्हणायचं आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. वय विचारणं मला आवडलं. वय विचारलं की कोणालातरी झाडापाशी जावंच लागतं. पण साठ वर्षांच्या चिंचेची बरोबरी साठ रोपांशी होते, हे मान्य करायला माझं मन तयार नाही. त्या अंगणातल्या वलयांवर मी बोट फिरवलेलं आहे.

इथे एक शंका तुमच्यापैकी काहींच्या मनात आली असेल आणि ती रास्त आहे. कागद खोटा आणि जमीन खरी, असं म्हणून चालेल का? मुलुंडची गोष्ट सांगतो. १९५६-५७ च्या सुमारास मुंबईच्या उपनगरांतल्या कित्येक जमिनींवर वन कायद्याच्या कलम ३५ खाली नोटिसा निघाल्या. बऱ्याच पुढे गेल्याच नाहीत. १९७५ साली महाराष्ट्रात खाजगी वनं संपादन करण्याचा कायदा आला आणि अशा नोटिसा निघालेल्या जमिनी वन ठरल्या. पण महापालिकेची परवानगी घेऊन तिथे इमारती उभ्या राहिल्या, माणसांनी कर्ज काढून घरं घेतली. तीस वर्षांनी, २००६ च्या सुमारास, त्यांना कळलं की आपण जंगलात राहतो. मुलुंडला, ठाण्याला हजारो कुटुंबं हवालदिल झाली. घर विकता येईना, गहाण ठेवता येईना. ३० जानेवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं गोदरेज आणि इतरांच्या अपिलात निकाल दिला की नुसती नोटीस निघाली, ती बजावली गेली नाही, तिच्यावर काही झालं नाही, तर तेवढ्यानं जमीन वन होत नाही. गच्चीबावलीत कागद म्हणत होता पागेचं रान आणि उभं होतं जंगल. मुलुंडला कागद म्हणत होता जंगल आणि उभ्या होत्या इमारती. दोन्हीकडे पन्नास वर्षं कोणी जागेवर जाऊन कागद तपासला नाही. पहिल्यात मोरांनी भोगलं, दुसऱ्यात माणसांनी.

आणि विदर्भात झुडपी जंगल. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत महसुली नोंदीत कित्येक जमिनींपुढे 'झुडपी जंगल' असं लिहिलं आहे, सुमारे ८६,००० हेक्टर. माझ्या शेऱ्यातल्या शब्दाचाच सख्खा भाऊ. ते वन की पडीक, यावर दशकानुदशकं वाद चालला, आणि दरम्यान त्यावर वस्त्या, शाळा, कचेऱ्या झाल्या. २२ मे २०२५ ला तेव्हाचे सरन्यायाधीश गवई यांच्याच पीठानं निर्णय दिला की झुडपी जंगल वनच आहे, आणि १२ डिसेंबर १९९६ पूर्वी ज्यांना जमिनी दिल्या गेल्या त्यांना घालवायचं नाही, त्यांचं नियमित करण्याची वाट काढायची. ही १९९६ ची तारीख गोदावर्मन खटल्यातली. त्या दिवशी न्यायालयानं सांगितलं होतं की वन म्हणजे शब्दकोशात जे वन आहे ते, मालक कोणी का असेना. वन मालकीवरून नव्हे, डोळ्यांवरून ठरवायचं, असंच ते सांगणं होतं. ते प्रत्यक्षात यायला तीस वर्षं लागताहेत.

घरं लागतात, हे मी जाणतो. माझा मुलगा कोंडापूरला फ्लॅटमध्ये राहतो, माझा भाचा घर शोधतोय आणि किमती ऐकून परत येतोय. या सभागृहात बसलेल्या आपल्यापैकी पुष्कळांचे आजोबा परभणी, नांदेड, बीडहून या शहरात आले, तेव्हा त्यांच्यासाठीही कोणाच्या तरी बागेत प्लॉट पडलेच. आजूबाजूची नावं बघा. बाग लिंगमपल्ली. बशीरबाग. जांबाग, जिथे १९०७ साली विवेक वर्धिनी ही शाळा उभी राहिली. बागा होत्या, त्यांच्या वसाहती झाल्या, नावं राहिली. त्या बागा आज परत आणा असं मी म्हणत नाही, आणि घराला नाही म्हणणं हे माझ्या कामाचं उद्दिष्ट कधीच नव्हतं.

पण शेतकऱ्याचा प्रश्न घराच्या प्रश्नाहूनही अवघड आहे, आणि त्याला मी अजून पुरतं उत्तर देऊ शकलो नाही. १९०८ च्या मुसीच्या पुरानंतर उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव बांधले गेले. १९९६ साली त्यांच्या पाणलोटातल्या ८४ गावांत बांधकामावर बंधन आलं, तो प्रसिद्ध शासन आदेश १११. पाण्यासाठी ते बंधन योग्य होतं असं माझं ठाम मत आहे. पण त्या ८४ गावांतला शेतकरी २६ वर्षं बघत राहिला की रस्त्यापलीकडच्याची जमीन कोटींनी विकली जाते आणि आपली नाही. २०२२ साली सरकारनं बंधन उठवायचा आदेश काढला तेव्हा गावांत फटाके वाजले. तळं सगळ्या शहराचं, आणि त्याची किंमत मोजायची चेवेळ्ळा-मोईनाबादच्या चार-पाच एकरवाल्यानं. शहरानं त्याला काही दिलं नाही. रान राखायचं असेल तर राखणाऱ्याला त्याचा हिस्सा मिळाला पाहिजे, दरवर्षी, नगदी. नाहीतर तो विकणारच, आणि त्याला दोष देण्याचा हक्क आपल्याला राहत नाही.

म्हणून मी तपासणाऱ्यांकडे फार थोडं मागतो. मंजुरीच्या फाइलीत पहिला कागद मालकीचा असतो. त्याच्याही वर एक कागद असावा. जागेवर काय उभं आहे त्याचा. प्रत्येक झाडाची जात, घेर आणि जागा. पाण्याची वाट, जरी ती कोरडी असली तरी. ज्यानं पाहिलं त्याची सही, तारीख, आणि तो किती वेळ आत होता ते. तो कागद फाटकाशी बसून लिहिता येऊ नये. आणि तो मंजुरीच्या आधी पंचायतीच्या फळ्यावर तेलुगूत लागावा, म्हणजे गुराखी वाचू शकेल, किंवा कोणी त्याला वाचून दाखवेल, आणि तो म्हणेल की हे खोटं आहे, तिथे ओढा आहे. त्या कागदाला नाव काय द्यायचं याचा मी विचार केला. नवं नाव लागत नाही. पहाणी म्हणा.

न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या नावानं १९४० साली उभी राहिलेली शाळा इथून जवळच आहे. तिच्या आवारात, आणि त्यापुढच्या गल्ल्यांमध्ये, अजून काही जुनी झाडं उभी आहेत. मेलकोटे पार्कातही आहेत, सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी ती रोज बघितलेली आहेत. त्यांची नोंद आपणच करू. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मी पार्काच्या फाटकाशी असेन. घेर मोजायला कापडी टेप मी आणतो. मोजायचा तो छातीच्या उंचीवर, जमिनीपासून १.३७ मीटरवर, आणि बुंधा त्याखालीच दुभंगलेला असेल तर दोन्ही फांद्या वेगळ्या मोजायच्या. मुलांना बरोबर आणा. वही आणा, पेन्सिल आणा, पण पहिला अर्धा तास ती पिशवीतच राहू द्या.